सैनिकी वैद्यकशिक्षण, मुके जीव आणि बुद्धाची अहिंसा

रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकाचे प्राण पहिल्या काही मिनिटांत वाचविण्याचे काम नामवंत शल्यविशारदाच्या वाट्याला क्वचितच येते. ते करतो त्याच तुकडीबरोबर असलेला वैद्यकीय सहायक. तुटलेल्या रक्तवाहिनीच्या वरच्या बाजूस पट्टा आवळणे, श्वासमार्ग मोकळा करणे, छातीत कोंडलेली हवा सुईवाटे बाहेर काढणे ही कामे त्याला अंधारात, गोळीबाराच्या आवाजात आणि घाबरलेल्या मनाने करावी लागतात. हे कौशल्य केवळ ग्रंथ वाचून येत नाही. त्यासाठी हात बसावा लागतो. मग हा हात बसवायचा कोणाच्या देहावर, हा प्रश्न उभा राहतो. काही देशांच्या सैन्यांनी त्याचे उत्तर ‘बकऱ्यांच्या आणि डुकरांच्या देहावर’ असे दिले. जनावराला गुंगीचे औषध देऊन मुद्दाम जखमी करायचे, शिकणाऱ्याने त्याचा रक्तस्राव थांबवायचा आणि धडा संपला की जनावराला मारून टाकायचे, अशी ही पद्धत आहे. गेल्या काही दशकांत तिची जागा मानवदेहाची नक्कल करणारे पुतळे, म्हणजे सिम्युलेटर, घेत आहेत. हा बदल कसा घडला, कोठे अडला आणि धम्माच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

चोपडा, यावल, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या भागातील आमच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु तो तसा नाही. आपला समाज सैनिकांचा समाज आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. सीमेवरील जखमी जवान हा आपल्यापैकी अनेकांच्या घरचा माणूस आहे. दुसरे असे की, चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी आज विज्ञान शाखेचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सकाळी विहारात पंचशील ग्रहण करणारी आपली मुलगी दुपारी प्रयोगशाळेत काय करते, हा प्रश्न धम्माच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.

पर्यायाची बौद्ध परंपरा

हिंसेला पर्याय शोधणे ही बौद्ध परंपरेची जुनी रीत आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात मगधातील कूटदन्त नावाचा धनाढ्य ब्राह्मण मोठा यज्ञ मांडतो. बैल, गोऱ्हे, कालवडी, बोकड आणि मेंढे, प्रत्येकी सातशे, खांबाला बांधण्यासाठी आणलेले असतात. यज्ञाचा उत्तम विधी कोणता, असे तो तथागतांनाच विचारतो. तथागत त्याला एका प्राचीन राजाच्या यज्ञाची कथा सांगतात. त्या यज्ञात एकही पशू मारला गेला नाही, झाडे तोडली गेली नाहीत, आणि दास व मजूर यांना दंडाच्या भयाने रडत राबावे लागले नाही. तूप, तेल, लोणी, दही, मध यांवरच यज्ञ पार पडला. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. तथागतांनी कूटदन्ताला केवळ निषेध ऐकविला नाही, त्याच्यापुढे पर्याय ठेवला. आणि त्या पर्यायात मुका पशू व राबणारा दास या दोघांची सुटका एकाच वेळी सांगितली.

बौद्ध साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध शल्यवैद्य म्हणजे जीवक. विनयपिटकातील महावग्गात त्याचे चरित्र येते. सालवती गणिकेच्या पोटी जन्मलेले आणि उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल राजपुत्र अभयाने वाढविले. पुढे तक्षशिलेस जाऊन त्याने सात वर्षे वैद्यक शिकले. त्याच्या गुरूने घेतलेली परीक्षा सर्वश्रुत आहे: एक योजनाच्या परिसरात जी औषधी नाही अशी वनस्पती शोधून आण. जीवकाला तशी एकही सापडली नाही, आणि गुरूने त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे मानले. राजगृहाच्या श्रेष्ठीच्या मस्तकावर आणि वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राच्या उदरावर त्याने केलेल्या शस्त्रक्रियांचे वर्णन महावग्गात आहे. हात बसविण्यासाठी त्याने जिवंत जनावरे चिरल्याचा उल्लेख त्या कथेत कोठेही नाही.

मांसभक्षणाविषयी तथागतांचा जो उपदेश मज्झिमनिकायात आहे, तो याच जीवकाला उद्देशून केलेला आहे, हेही अर्थपूर्ण आहे. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्षूने घेऊ नये, असा तो निकष. एखाद्याला उद्देशून जीव मारला जातो, तेव्हा त्याला घेऊन या अशी आज्ञा देण्यापासूनच दोषाची मोजणी सुरू होते, असे तथागत तेथे समजावतात. प्रशिक्षणाच्या मैदानावर आणलेली बकरी ही नेमकी त्या विद्यार्थ्याला उद्देशून आणलेली असते. हा निकष तिला जसाच्या तसा लागू पडतो.

सम्राट अशोकाने हीच रीत राज्यकारभारात आणली. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लक्षावधी प्राणी मारले जात; आता दोन मोर व एक हरीण एवढेच मारले जातात, हरीणही नेहमी नव्हे, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. हा टप्प्याटप्प्याने हिंसा कमी करण्याचा जाहीर आराखडाच होय. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात सोपारा येथे अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. नवव्याचा तुकडा सापडला तो १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्या वर्षी. या नवव्या लेखात खरे मंगल कोणते हे सांगताना दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन आणि प्राणिमात्रांविषयी संयम यांचा उल्लेख एकत्र येतो. कूटदन्त सुत्तातील जोडी येथे पुन्हा भेटते.

खानदेशाच्या सीमेवरच याचा आणखी एक दुवा आहे. चाळीसगावहून कन्नडच्या डोंगरांत गेले की पितळखोऱ्याची लेणी लागतात. इसवी सनापूर्वीच्या या लेण्यांतील लेखांत मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याच्या मुलांचे दान कोरलेले आहे. एकीकडे मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीतून वर्ज्य करावयाच्या लोकांच्या यादीत चिकित्सकाला बसविले. दुसरीकडे बौद्ध संघाच्या लेण्यात वैद्याचे कुटुंब सन्मानाने दाते म्हणून नोंदले गेले. रोगी देहाला स्पर्श करणारा हात अपवित्र मानायचा की उपकारक, यावर दोन संस्कृतींची दोन उत्तरे होती.

सुश्रुताचा भोपळा

सुश्रुतसंहिता हा बौद्ध ग्रंथ नव्हे. तथापि भारतीय शल्यशिक्षणाचा इतिहास तिच्यावाचून सांगता येत नाही. तिच्या सूत्रस्थानाचा नववा अध्याय सर्वस्वी सरावाविषयी आहे. शिष्याने सर्व शास्त्र पाठ केले तरी सरावावाचून तो कर्माला अयोग्य ठरतो, अशी तेथील भूमिका आहे. मग प्रत्येक क्रियेसाठी एकेक वस्तू नेमून दिली आहे. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर. भेदण्याचा पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. खरवडण्याचा केस असलेल्या ताणलेल्या कातड्यावर. शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर व कमळाच्या देठावर. शोधनाचा किडक्या लाकडावर, बांबूवर. शिवण्याचा जाड वस्त्राच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर. आणि पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या बनविलेल्या पुतळ्यावर.

आज ज्याला सिम्युलेटर म्हणतात त्याची कल्पना येथे स्पष्ट आहे. सुश्रुताला जनावराचे चामडे, मूत्राशय, शिरा लागतात, पण त्या मेलेल्या जनावराच्या. प्राचीन भारतात सर्व काही होते असा गर्व मिरविण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. उलट एक प्रश्न विचारण्यासाठी सांगतो. सुश्रुताचा शिष्य ज्या चामड्यावर टाके घालण्यास शिकला, ते चामडे कमावले कोणी? मेलेले जनावर ओढणे, सोलणे, कातडे कमावणे ही कामे ज्या हातांकडे सोपविली गेली, त्याच हातांना पुढे समाजाने अस्पृश्य ठरविले. त्यांच्या मुलांना त्या विद्येच्या शाळेत प्रवेश नव्हता. आणि देहाच्या स्पर्शाचा विटाळ वाढत गेला तसतशी ही शल्यविद्या शास्त्री वैद्यांच्या हातून निसटत गेली. ज्या समाजाने श्रमाला आणि स्पर्शाला हीन मानले, त्याच्याकडे सरावाची उत्तम पद्धत असूनही ती टिकली नाही.

आधुनिक काळ: ज्याला नाही म्हणता येत नाही तो देह

युरोपात एकोणिसाव्या शतकात जिवंत प्राण्यांवरील प्रयोग वाढले आणि त्यांविरुद्ध लोकमतही जागे झाले. ब्रिटनने १८७६ मध्ये याविषयीचा कायदा केला. त्यात केवळ हाताचे कौशल्य मिळविण्यासाठी जिवंत प्राण्यावर प्रयोग करू नये, अशी अट होती. ज्ञानासाठी केलेला प्रयोग आणि हात बसविण्यासाठी केलेली चिरफाड यांत त्या कायद्याने भेद केला. पुढे मात्र ब्रिटिश लष्कराचे शल्यविशारद डुकरांवरील सरावासाठी डेन्मार्कला जात राहिले. स्वदेशात जे निषिद्ध, ते परदेशी जाऊन करणे ही पळवाट झाली.

हात बसविण्यासाठी माणसेही वापरली गेली आहेत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टराने १८४० च्या दशकात स्त्रियांच्या एका दुखण्यावरील शस्त्रक्रिया बसविली ती गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांच्या देहांवर, भूल न देता. अनार्का, बेट्सी आणि लुसी अशी त्यांतील तिघींची नावे नोंदली गेली आहेत. अनार्कावर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली. पुढे सिम्सला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून पुतळा मिळाला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील तो पुतळा २०१८ मध्ये हलविण्यात आला. सत्तेला सरावासाठी देह हवा असतो तेव्हा ती ज्याला नाही म्हणता येत नाही असा देह निवडते, हे या इतिहासाचे सार आहे.

लष्करी प्रशिक्षणातही हेच दिसते. १९८३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या वैद्यकीय विद्यापीठात जखमांच्या अभ्यासासाठी कुत्र्यांवर गोळ्या झाडण्याची योजना उघडकीस आली. लोकांत संताप उसळला आणि संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांनी ती थांबविली. परिणाम काय झाला? कुत्री-मांजरे सुटली; बकऱ्या आणि डुकरे राहिली. घरात पाळलेल्या प्राण्याला करुणा मिळाली, गोठ्यातल्या प्राण्याला मिळाली नाही. करुणेतही अशी उतरंड असू शकते, हे जातिव्यवस्था अनुभवलेल्या आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

त्यानंतर बदल झाला तो सावकाश. रासायनिक अस्त्रांच्या बाधेवरील प्रशिक्षणात माकडे वापरणे अमेरिकी सैन्याने २०११ मध्ये थांबविले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नाटो संघटनेच्या तेव्हाच्या २८ सदस्य देशांपैकी २२ देश सैनिकी वैद्यकशिक्षणात प्राणी वापरत नसल्याचे आढळले. म्हणजे त्याच युद्धात, त्याच आघाडीवर लढणाऱ्या बहुतेक सैन्यांना बकरीची गरज भासत नव्हती. २०१३ मध्ये अमेरिकी लष्करी वैद्यकीय विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या शिक्षणातून जिवंत प्राणी वगळले. तेथील तटरक्षक दलाने २०१८ मध्ये ही पद्धत सोडली. डिसेंबर २०२५ मधील वार्षिक संरक्षण कायद्याने प्रशिक्षणासाठी जिवंत प्राण्यांवर गोळ्या झाडण्यास बंदी घातली. तथापि अन्य रीतीने जखमी करून शिकविण्याची वाट अद्याप पूर्णपणे बंद झालेली नाही.

पुतळा काय शिकवितो

या बदलामागे एका खेळणी बनविणाऱ्याचा हात आहे. नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवीत असे. नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षणासाठी त्याने खोट्या जखमा तयार केल्या. पुढे तोंडाने श्वास देऊन व छाती दाबून माणूस वाचविण्याची रीत वैद्यांनी सिद्ध केली, तेव्हा ती शिकण्यासाठी त्याने १९६० मध्ये ‘रेससी ॲन’ नावाचा पुतळा बनविला. जगभर असंख्य लोकांनी प्राण वाचविण्याची ही विद्या या पुतळ्यावर शिकली. २००१ मध्ये ‘ट्रॉमामॅन’ नावाच्या कृत्रिम धडाला अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संस्थेने अपघाती जखमांच्या अभ्यासक्रमासाठी प्राण्याऐवजी वापरण्यास मान्यता दिली. त्याला त्वचा आहे, चरबीचा थर आहे, बरगड्या आहेत. योग्य जागी छेद दिला तर नळी छातीत जाते, चुकीच्या जागी दिला तर जात नाही. आता तर जिवंत माणसाने अंगावर चढवायचे असे पेहराव निघाले आहेत, ज्यांतून खोटे रक्त उसळते आणि आतला माणूस वेदनेने ओरडण्याचा अभिनय करतो.

जुन्या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे आपण प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. जिवंत देहातील रक्ताची ऊब, त्याचा वास, डोळ्यांदेखत मावळत जाणारा जीव, यांमुळे शिकणाऱ्याचे मन घट्ट होते. रबराच्या पुतळ्यावर ते होत नाही, असे ते म्हणतात. हा मुद्दा पोकळ नाही. परंतु सैनिक कशाने मरतो हेही पाहावे लागते. २००१ ते २०११ या काळातील युद्धांत मृत्यू पावलेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांचा अभ्यास झाला. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी मेलेल्यांपैकी ९७६ जण वाचण्याची शक्यता होती, आणि त्यांतील दहांपैकी नऊ जण रक्तस्रावाने गेले होते. येथे शिकायचे आहे ते पट्टा कोठे, किती घट्ट आणि किती लवकर आवळायचा हे. बकरीचा पाय, तिच्या बरगड्यांची ठेवण, मानेची लांबी, कातडीची जाडी माणसासारखी नाही. शिवाय एका जनावरावर एक क्रिया फार थोड्या वेळा करता येते. पुतळ्यावर ती शंभर वेळा करता येते, चुकली तर पुन्हा करता येते, आणि चूक कोठे झाली हे गुरूला दाखविता येते. हात बसतो तो पुनरावृत्तीने, आणि पुनरावृत्तीची सोय जनावराचा देह देत नाही.

भारतीय कायदा आणि आपली महाविद्यालये

भारतात १९५० च्या दशकात राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक आणले. सरकारने स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० चा कायदा झाला. त्याचे १७ वे कलम आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वैद्यकीय शाळा, रुग्णालये, महाविद्यालये यांत पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. आणि शक्यतो केवळ हाताचे कौशल्य मिळविण्यासाठी प्रयोग करू नयेत, असा त्याचा आशय आहे. ब्रिटनच्या १८७६ च्या कायद्यातील अट येथे आली, परंतु ‘शक्यतो’ या शब्दासह. या एका शब्दामागे जुनी पद्धत अनेक वर्षे सुरक्षित राहिली. शाळा-महाविद्यालयांतून बेडूक, उंदीर, गिनीपिग यांचा वापर चालूच राहिला.

बदल आला तो १९९८ च्या नियमांनंतर आणि मुख्यतः २०१४ मध्ये. त्या वर्षी भारतीय वैद्यक परिषदेने शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्र या विषयांचे पदवीपूर्व शिक्षण संगणकाच्या साहाय्याने द्यावे असे ठरविले. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतील डॉ. आर. रवीन्द्रन यांनी प्राण्यांवरील प्रयोग पडद्यावर करून दाखविणारी ‘एक्सफार्म’ ही संगणकप्रणाली तयार केली होती. अशा साधनांमुळे हा निर्णय व्यवहारात उतरू शकला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातील विच्छेदन बंद करण्याचा आदेश दिला. फार्मसी कौन्सिलने पुढे देशभर लागू केलेल्या बी.फार्म. अभ्यासक्रमातही प्राण्यांवरील प्रयोग संगणकीय प्रतिकृतींनी व चित्रफितींनी दाखवावेत असे नमूद झाले. २०२० च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक केली. भारतीय सैन्यदलांचे डॉक्टर ज्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात घडतात, ते १९४८ मध्ये स्थापन झाले आणि आज नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. पुण्याच्या त्या संस्थेपासून चोपड्याच्या औषधनिर्माण महाविद्यालयापर्यंत पदवीचे शिक्षण आता एकाच दिशेने वळले आहे.

गरज आणि इच्छा

येथवरच्या इतिहासाचा निवाडा कोणत्या तत्त्वावर करायचा? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची जी मीमांसा केली आहे, ती येथे मार्गदर्शक आहे. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे ते दाखवितात. नियम माणसाला विचार करू देत नाही. तत्त्व विचार करावयास लावते. आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत बुद्धाने भेद केला, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन आहे. जेथे खरी गरज आहे तेथे बुद्धाने हात बांधून ठेवले नाहीत. जेथे केवळ इच्छा आहे तेथे हिंसेला स्थान ठेवले नाही.

कौशल्याची गरज खोटी नाही. खानदेशातील बौद्धांना हे चाळीसगावच्या प्रसंगावरून ठाऊक आहे. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. बाबासाहेबांनी पायी यावे हे महारवाड्यातील बांधवांना अपमानास्पद वाटले, म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने तो कधी हाकला नव्हता असा आपल्यातलाच माणूस पुढे बसला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. प्रेम होते, निष्ठा होती. हात बसलेला नव्हता. आणि तो बसला नव्हता याचे कारण जातीने तो धंदाच त्यांच्यासाठी बंद ठेवला होता. तेव्हा सैनिकाच्या जखमेपाशी बसणारा हात तयार असलाच पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

परंतु कौशल्याची गरज म्हणजे बकरीची गरज नव्हे. पर्याय नव्हता तोवर दोन्ही एकच भासत होत्या. पर्याय उभा राहिला तेव्हा त्या वेगळ्या झाल्या. सुश्रुताच्या भोपळ्याने, लेर्डालच्या पुतळ्याने, २२ देशांच्या सैन्यांनी ती गरज संपली असल्याचे दाखवून दिले. गरज संपल्यावरही जे चालू राहते त्यास सवय म्हणावे, सोय म्हणावे वा परंपरा म्हणावे. बाबासाहेबांच्या मीमांसेत ते इच्छेच्याच बाजूला पडते. मरीआईपुढे रेडा वा बोकड कापल्यावाचून रोग हटणार नाही, अशी ‘गरज’ आपल्या पूर्वजांनाही सांगितली जात होती. धम्मदीक्षेनंतर ते सोडल्यावर ती गरज कधी नव्हतीच हे कळून आले.

हाच निकष उलट बाजूनेही लावला पाहिजे, अन्यथा तो पक्षपाती ठरेल. चोपडा तालुक्यातील शेतमजुराला साप चावतो तेव्हा त्याचे प्राण वाचविणारी लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेने अनेक दशके हे काम केले आहे. तिची जागा सर्वत्र घेईल असा पर्याय अद्याप हाती आलेला नाही. येथे गरज खरी आहे. ती लस नाकारा असे म्हणणे म्हणजे तत्त्वाचा नियम करणे आणि उन्हात राबणाऱ्या माणसाच्या जिवावर पुण्य मिळविणे होय. घोड्याला कमीत कमी यातना व्हाव्यात आणि पर्यायाचा शोध थांबू नये, एवढे तत्त्व तेथे मागते.

प्राणिदयेच्या नावाने चालणाऱ्या दुसऱ्या एका राजकारणापासूनही आपण सावध असले पाहिजे. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारण्यात आले. एका पशूला पवित्र ठरवून माणसाला चाबकाने फोडणारी ही दया बुद्धाची नव्हे. कूटदन्त सुत्ताने पशू आणि दास यांची सुटका एकत्र सांगितली आहे. त्यांतील एकाला सोडून दुसऱ्याचा कैवार घेणारा अहिंसेचे नाव घेण्यास पात्र नाही.

आपले कर्तव्य

जनावराची जागा पुतळ्याने घेतली, तरी मानवी देहावाचून वैद्यकशिक्षण पुरे होत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय केली. बेवारस कोण असतो? रस्त्यावर, तुरुंगात वा रुग्णालयाच्या सामान्य कक्षात एकट्याने मरणारा दरिद्री. त्याला विचारून कोणी त्याचा देह घेत नाही. म्हणून स्वेच्छेने केलेले देहदान ही आम्हांस दानपारमितेची आधुनिक रूपे वाटतात त्यांपैकी एक श्रेष्ठ गोष्ट वाटते. दिलेल्या देहावर शिकणे आणि हिरावून घेतलेल्या देहावर शिकणे यांत धम्माच्या दृष्टीने अंतर आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयात १७ व्या कलमाचे आणि २०१४ च्या नियमांचे पालन होते की नाही, हे नम्रपणे पण निश्चयाने विचारावे. संविधानाच्या ५१-अ कलमात १९७६ मध्ये मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी करुणा आणि वैज्ञानिक दृष्टी ही दोन कर्तव्ये लागोपाठ लिहिलेली आहेत. ज्यांना ती परस्परविरोधी वाटतात त्यांच्यासाठी सिम्युलेटरचा इतिहास हे उत्तर आहे. बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा आपल्याला प्राणिमात्रांच्या पालनाचे वचन देते, तेही याच अर्थाने घ्यावयाचे आहे.

आणि एक सूचना खास खानदेशातील विहारांसाठी. छाती दाबून श्वास देण्याचा सराव करावयाचा पुतळा आता फार महाग राहिलेला नाही. चोपडा, अमळनेर, शिरपूर येथील विहारांनी मिळून असा एक पुतळा घ्यावा. पौर्णिमेच्या वंदनेनंतर निवृत्त जवान, परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थी यांनी गावकऱ्यांना रक्तस्राव थांबविणे आणि श्वास चालू ठेवणे शिकवावे. शेतात, रस्त्यावर, विहिरीवर जो अपघात होतो तेथे रुग्णवाहिका येईपर्यंत शेजाऱ्याचाच हात उपयोगी पडतो. तो हात कोणत्याही जिवाला न दुखविता तयार करता येतो.